फ्लॉपीतली रानं

मॅडम पहिल्या भेटीत कुणाला नाव विचारत नसत. रानाचं नाव विचारत.

"आडनाव राहू द्या. रान कुठलं तुमचं? काय म्हणतात त्याला?"

एसटीत शेजारी बसलेल्या म्हातारीला, बाजारात मेथीची जुडी घेताना भाजीवालीला, कॉलेजात पोराची फी भरायला आलेल्या माणसाला, सगळ्यांना हाच प्रश्न. एका सहकाऱ्याच्या वडिलांच्या दहाव्याला गेल्या, तेव्हा नदीकाठी बसलेल्या भाऊबंदांनाही त्यांनी हळू आवाजात हेच विचारलं होतं म्हणे. आमच्या कॉलेजचे शिपाई भिकामामा म्हणायचे, "ह्या बाई वर गेल्या ना, तर चित्रगुप्तालाबी इचारतील, तुमचं रान कंचं म्हणून."

मॅडम जाऊन आता वर्ष होत आलं. मामा ते वाक्य हल्ली बोलत नाहीत.

श्रीरामपूरच्या आमच्या कॉलेजात त्या भूगोल शिकवायच्या. अंगानं किरकोळ, नेसायला सुती साडी, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, आणि लूनावर बसल्या की डोक्यावर अंपायरसारखी गोल टोपी. पोरं मागून 'आऊट' म्हणून ओरडायची. मॅडम मागं न बघता एक बोट वर करायच्या आणि निघून जायच्या. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं, पण त्या चिडलेल्याही मला कधी दिसल्या नाहीत.

रानांच्या नावांचं वेड त्यांना कधी लागलं ते मला नक्की सांगता येणार नाही. त्या एवढंच म्हणायच्या, की जमिनींचं एकत्रीकरण झालं आणि तलाठ्याच्या दप्तरात रानांना गट नंबर मिळाले. नंबर उताऱ्यावर राहतो. नाव मात्र फक्त तोंडात राहतं, आणि तोंड मिटलं की संपतं. रडकी पट्टी, सासूचा तुकडा, घोडेमोडी, वाकडं टेपाड, चोरआंबा. प्रत्येक नावामागं काहीतरी घडलेलं असतं. कुणीतरी तिथं रडलेलं असतं, कुणाचातरी घोडा तिथं पडलेला असतो. भूगोलाच्या पुस्तकात हे कुठंच नव्हतं, म्हणून मॅडम ते गोळा करत होत्या. जिल्ह्यातली जमतील तेवढी गावं.

पूर्वी त्या कोपरगावला नोकरीला होत्या, तेव्हा ही सगळी नावं कागदावर होती. भाड्याच्या खोलीत लाकडी कपाट होतं. एका सुट्टीत त्या बहिणीकडं गेल्या आणि परत येऊन कपाट उघडलं, तर आत मातीचे थर. वाळवीनं बांधलेलं वारूळ तेवढं कागदांच्या आकाराचं होतं. तेव्हापासून त्यांचा लाकडावर आणि कागदावर विश्वास उरला नव्हता. विद्यार्थी नावं कागदावर लिहून आणायचे. मॅडम एकेकाला शेजारी बसवून ती कॉम्प्युटरवर घेत आणि कागद त्याच्या हातात परत देत. "नावं तुझी, कागद तुझा. मला कागद नको." माणसं ते कागद खिशात घालत आणि बहुतेक ते धुण्यात जात.

हा कॉम्प्युटर आमच्या नकाशांच्या खोलीत एका कोपऱ्यात होता. त्यावर फुलाफुलांचं प्लास्टिकचं झाकण असायचं. बाहेर चपला काढून आत जायचं. मी पहिल्यांदा आत गेले तेव्हा पायही धुऊन गेले होते, कारण माझ्या आधीच्या मुलीचे पाय ओले दिसले आणि मला वाटलं तसा नियम असेल. ती नळावर कपडे भिजवून आली होती. मॅडम स्वतः बूट घालून आत बसल्या होत्या. माझे ओले पाय बघून म्हणाल्या, "ये. ह्याला कुणाचे पाय दिसत नाहीत."

माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. काय विचारायचं असतं आणि काय विचारायचं नसतं, हेच मला कळत नसे, म्हणून मी गप्प राहायची. मॅडमना बहुधा तेच सोयीचं वाटलं. त्यांनी मला वाचायच्या कामाला लावलं.

त्यांची एक रीत होती. ज्यानं सांगितलं त्यानं वाचायचं नाही, आणि ज्यानं लिहिलं त्यानंही नाही. "आपल्याला लिहायचं असतं तेच आपल्याला दिसतं," असं त्या म्हणत. तिसऱ्या माणसानं पडद्यावरचं मोठ्यानं वाचायचं, सांगणाऱ्यानं ऐकायचं. फाईल एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली, की पुन्हा उघडून तिथलं वाचायचं. मी एकदा उत्साहानं म्हणाले, "मॅडम, कॉपी केलं."

"केलंस ते नको सांगू. पोचलं का ते सांग."

मी फाईल उघडून वाचायला लागले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच लाईट गेली. त्या तशाच डोळे मिटून बसल्या होत्या, आणि लाईट आल्यावर म्हणाल्या, "सासूच्या तुकड्यापर्यंत झालं होतं."

मी शेवटच्या वर्षाला आले तेव्हा दोन गोष्टी एकदम ठरल्या. मेअखेर मॅडम निवृत्त होणार होत्या, आणि कॉलेजला नवीन कॉम्प्युटर मिळणार होते. जुना निर्लेखित करून लिलावात काढायचा होता. त्यातली नावं त्याआधी काढून घेऊन नव्यात घालायची होती. प्रिंटर ऑफिसात, आणि परीक्षेच्या कामाशिवाय कुणाला त्याची रिबन मिळत नसे. मॅडमनी विचारून पाहिलं. ऑफिसातून उत्तर आलं, की भूगोल विभागाला रानांची गरज काय.

मग मॅडम मला घेऊन संजयच्या कॉम्प्युटर क्लासवर गेल्या. संजय तिशीतला, बोलायला मोकळा. श्रीरामपुरातल्या निम्म्या लग्नपत्रिका त्याच्याकडं व्हायच्या. त्यानं टेबलावर एकेक वस्तू मांडली.

"ही आपली साधी फ्लॉपी. ही झिप, हिच्यात तसल्या खोकंभर फ्लॉपी मावतात. ही टेप. आणि सीडी करायची असेल तर नगरला माझा मित्र आहे, त्याच्याकडं रायटर आलाय."

मॅडमनी झिपची जाड चकती हातात घेतली, वास घेतला, खिडकीशी धरली. "हिला वाचणारं यंत्र गावात कुणाकुणाकडं आहे?"

"सध्या माझ्याकडंच."

"तुमचं बिघडलं तर?"

"पुण्याला पाठवायचं."

"तोवर माझी गावं?"

"गावं कुठं पळत्यात मॅडम?"

"उन्हात राहिली तर? एसटीच्या इंजिनाशेजारी ठेवली तर? आणखी पंधरा वर्षांनी हिला कोण ओळखेल?"

संजयनं दोन्ही हात जोडले. "मॅडम, डिस्क घ्यायचीय का पोरीला स्थळ बघायचंय?"

"द्यायचीच आहे," मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच विचारतेय."

सीडीवर एकदा लिहिलं की त्यात भर घालता येत नाही, असं संजय म्हणाला. तिथंच सीडी बाद झाली. मॅडम म्हणाल्या, अजून कितीतरी नावं यायची आहेत. टेपचं यंत्र नव्या कॉम्प्युटरबरोबर येणार नव्हतं. शेवटी संजय म्हणाला, एवढं कशाला, जुन्याची हार्ड डिस्कच काढू आणि नव्याला जोडू. पण कॉम्प्युटर कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरला होता, त्याच्या पाठीवर ऑफिसचं सील होतं, आणि प्राचार्यांच्या सहीशिवाय स्क्रू काढायची सोय नव्हती. मॅडमनी सही मागितली. लिलाव होईपर्यंत वस्तू आहे तशी राहिली पाहिजे, असं त्यांना सांगण्यात आलं. तेव्हा ती सीलबंद पाठ उघडली असती तर आत काय आहे ते आम्हाला कळलं असतं. पण ते नंतरचं.

मॅडमनी साध्या फ्लॉपी घेतल्या. एक गाव, एक फ्लॉपी.

"मॅडम, एका फ्लॉपीत तुमचा तालुका मावेल," संजय कळवळून म्हणाला.

"मावेल. आणि बुडेलही एकदमच. एक खराब झाली तर एकच गाव जाईल."

दिवाळीनंतर आम्ही कामाला लागलो. जुन्या कॉम्प्युटरवर फाईल फ्लॉपीत घ्यायची, फ्लॉपी बाहेर काढायची, परत आत घालायची आणि वाचायचं. मी वाचायची, मॅडम ऐकायच्या. झालेल्या फ्लॉपी मॅडमच्या घरच्या पुऱ्यांच्या स्टीलच्या डब्यात जायच्या, आणि त्यावर कडुनिंबाचा पाला, धान्यात घालतात तसा. भिकामामांनी डब्यात डोकावून विचारलं, "मॅडम, ह्यास्नी काय किडे लागत्यात व्हय?"

"भिकाजी, मला एकदा लागलेत."

दुसऱ्या दिवशी मामांनीच ताजा पाला आणून ठेवला.

लिलावाच्या दिवशी मोडके बाक, गंजलेली कपाटं आणि आमचा कॉम्प्युटर एकाच टेम्पोत चढला. मॅडम पायरीवर उभ्या होत्या. टेम्पोवाला दोर आवळत होता. मॅडमनी त्यालाही विचारलंच.

"आमचं रान न्हाई आता बाई," तो म्हणाला. "धरणात गेलं."

"नाव असेल ना?"

त्यानं दोर सोडला आणि उभा राहिला. बराच वेळ त्याला आठवेना. मग म्हणाला, "आजा करंजीखोरी म्हनायचा. करंजाची झाडं हुती लई." मॅडम सवयीनं आत जायला वळल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की कॉम्प्युटर तर टेम्पोत आहे. त्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि आपल्या तळहातावर लिहिलं, करंजीखोरी. टेम्पोवाला ते बघत होता. जाताना त्यानं मॅडमना वाकून नमस्कार केला. का केला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

नवीन कॉम्प्युटर आला, पण टेबल आणि वायरिंग होईपर्यंत मार्च उजाडला. संजयलाच बोलावलं होतं. मॅडमनी डब्यातून पहिली फ्लॉपी काढली, पाला झटकला. त्या दिवशी खोलीत आम्ही सात-आठ विद्यार्थी होतो. फाईल उघडली, आणि मला मॅडमनी खूण केली. वाच.

पडद्यावर मराठी नव्हतंच. डोक्यावर टिंबं असलेली, तिरक्या काड्या असलेली, शेपट्या असलेली परकी अक्षरं ओळीनं बसली होती. मध्येच अर्ध्याचा आकडा, मध्येच एक छोटासा तीन. मी वाचायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले. दुसरी फ्लॉपी घातली. तेच. तिसरी. तेच.

संजयनं कपाळाला हात लावला. "मॅडम, जुन्या मशिनमध्ये मराठीचं कार्ड होतं का?"

"कसलं कार्ड?"

"आत एक हिरवी पाटी असते. अक्षरं त्या पाटीत असतात. फाईलीत अक्षरं नसतात मॅडम. फाईलीत नुसते नंबर असतात. कुठल्या नंबरला कुठलं अक्षर दाखवायचं, ते कार्डाला ठाऊक."

इतकी वर्षं मॅडमना वाटत होतं की कॉम्प्युटरला मराठी येतं. आम्ही प्रत्येक फ्लॉपी वाचून घेतली होती खरी, पण जिथून निघायचं तिथंच बसून वाचली होती.

मॅडमनी फ्लॉपी बाहेर काढली. मग म्हणाल्या, "म्हणजे परत गट नंबरच."

भिकामामा सायकल काढून भंगारवाल्याकडं गेले. संध्याकाळी परत आले ते दारातच उभे राहिले. "समदं फोडलंय. लोखंड इकडं, पाट्या तिकडं. हिरव्या पाट्या पोत्यात भरून गेल्या म्हनं मुंबईला." संजयनं पुण्याला दोन-तीन ठिकाणी फोन केले. तसलं कार्ड आता मिळत नाही, आणि मिळालं तरी ह्या मशिनला बसेल का ते सांगता येत नाही, असं उत्तर आलं.

त्यानंतर दोन दिवस मॅडम कॉलेजात आल्या नाहीत. मी भीत भीत त्यांच्या घरी गेले. त्या जमिनीवर बसल्या होत्या आणि सगळ्या फ्लॉपी समोर मांडल्या होत्या. मी म्हणाले, "मॅडम, आपण परत गावोगाव जाऊ. परत विचारू."

त्यांनी एकेक फ्लॉपी उचलून बाजूला ठेवायला सुरुवात केली. "ह्या गावचे सांगणारे गेले. ह्या गावच्या बाई गेल्या. हे आहेत, पण आता त्यांना लेक ओळखू येत नाही. हे गेले." त्या थांबल्या. बाजूला ठेवलेल्यांचाच ढीग मोठा होता. मी त्यांना चहा करून दिला. कुणाच्या घरी रानाचं नाव कळल्याशिवाय चहा न घेणाऱ्या मॅडमनी तो मुकाट्यानं घेतला.

ढीग परत डब्यात भरताना त्यांचा हात एका फ्लॉपीवर थांबला. तिच्यावर पेननं इंग्रजीत लिहिलं होतं, काष्टी. फाईलला नाव इंग्रजीतच द्यावं लागायचं, म्हणून.

"पहिल्या ओळीत आपण काय लिहायचो गं?"

"गावाचं नाव."

"दुसऱ्या?"

"तालुका."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बूट शोधायला लागल्या.

नकाशांच्या खोलीतल्या फळ्यावर मॅडमनी खडूनं लिहिलं: क, काना, ष, पाय मोडायची खूण, ट, दुसरी वेलांटी. पडद्यावर त्या फाईलीच्या पहिल्या ओळीत तेवढीच चिन्हं होती. छोटा तीन म्हणजे क. डोक्यावर काडी ठेवलेला इंग्रजी यू म्हणजे काना. अर्ध्याचा आकडा म्हणजे ट. मग कोपरगावची फ्लॉपी घातली. पहिलं चिन्ह छोटा तीनच निघालं, आणि मागं उभ्या असलेल्या पोरांनी एकदम आरडाओरडा केला. कोपरगावनं आम्हाला प दिला, र दिला, ग दिला, व दिला. श्रीगोंद्यानं श, द आणि अनुस्वार दिला. ज्या गावांना मी कधी गेले नव्हते, त्यांच्या नावांनी एकेक अक्षर परत आणून दिलं. झ बरेच दिवस मिळत नव्हता. कुणाच्या गावात झ आहे म्हणून आम्ही कॅन्टीनमध्ये विचारत फिरायचो.

हे ऐकून संजय आपण होऊन आला. आपल्या डोळ्यांदेखत हे झालं, ह्याचं त्याला वाईट वाटत असावं. त्यानं आमच्या फळ्यावरून चिन्हांच्या जागी त्याच्याकडच्या फॉन्टची अक्षरं घालणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो चालला, पण ऱ्हस्व वेलांट्या सगळ्या चुकीच्या अक्षरावर बसायच्या. त्या हातानं सरळ करायच्या, आणि मग वाचायचं. नव्या जागी बसून, तिसऱ्या माणसानं, मोठ्यानं. एप्रिल-मे आमचा तसाच गेला. परीक्षेचा पेपर देऊन पोरं सरळ नकाशांच्या खोलीत यायची.

काही फ्लॉपी उघडल्याच नाहीत. त्या गावांची नावं मॅडमनी फळ्याच्या एका बाजूला लिहून ठेवली. ती आम्ही पुसली नाहीत. निरोपाच्या दिवशी मॅडमनी नारळ घेतला, भाषण केलं नाही, आणि मिरजेला बहिणीकडं राहायला गेल्या. फळ्यावरच्या गावांना त्या परत येऊन जाणार होत्या. तेवढा वेळ त्यांना मिळाला नाही. त्यांतल्या दोन गावांना मी आणि आणखी एक मैत्रीण जाऊन आलो. मॅडमना लोक जसं पटकन सांगायचे, तसं आम्हाला सांगत नाहीत.

पण त्या मे महिन्यातला एक दिवस मला सांगायचा आहे. मॅडमविषयी मला जे खरं माहीत आहे, ते बहुतेक त्या दिवशीचं आहे.

त्या दिवशी आमच्या गावची फ्लॉपी निघाली. आमच्या गावची यादी मी दिलेली नव्हती. माझ्या वर्गात आमच्याच गावचा संदीप होता. त्याचं घराणं गावात मोठं, रानंही मोठी. पहिल्या वर्षाला असताना त्यानं आजोबांना विचारून ती यादी आणली होती. आमचं घर गावाच्या पूर्वेला, ओढ्याकडं, बुद्धविहाराच्या मागं. गावात मी आणि संदीप कधी बोललेलो नव्हतो. कॉलेजात मात्र वेलांट्या सरळ करताना बोलायचो.

यादी संदीपची, म्हणून वाचायचं माझ्याकडं आलं. तो बाकावर बसून ऐकत होता. मी एकेक रान वाचत होते, आणि तो "बरोबर, बरोबर" म्हणत होता. मग एक ओळ आली. ती संदीपच्या कागदावरची नव्हती, मॅडमनी स्वतः घातलेली होती. मी ती वाचली.

"ओढ्यापलीकडे, वस्तीलगत. नाव मिळाले नाही."

संदीप बरोबर म्हणाला नाही.

"आजोबांनी तेवढं सांगितलं नव्हतं मॅडम," तो म्हणाला. मग खालच्या आवाजात, "म्हणले, त्येचं काय लिव्हायचं."

खोलीत दुसरी पोरं होती. मी पडद्याकडं बघत राहिले. आयुष्यभर दिसेल त्याला विचारणाऱ्या मॅडमनी त्या वेळी मला काही विचारलं नाही. माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांनी फक्त कीबोर्ड आपल्याकडं ओढला, त्यावर बोटं ठेवली आणि थांबल्या. त्या थांबण्यात घाई नव्हती. मी काही बोलले नसते, तर त्यांनी तसंच हळूच कीबोर्ड परत सरकवला असता, ह्याची मला खात्री आहे.

"त्याला दोन नावं आहेत," मी म्हणाले.

"सांग."

"गाव हाडकी म्हणतं."

"कशावरून?" हा प्रश्न त्यांनी इतरांना विचारायच्या त्याच आवाजात विचारला.

"मेलेली जनावरं ओढून न्यायचं काम आमच्या माणसांकडं होतं. त्याबदल्यात गावानं दिलेलं रान. धर्मांतर झालं त्या साली आजोबांनी ते काम सोडलं. गावानं नाव सोडलं नाही."

"आणि दुसरं?"

"ते फक्त आमच्या घरात आहे. आजोबांनी तेव्हाच बांधावर पिंपळ लावला. घरात आम्ही पिंपळाचं म्हणतो. बाहेर कुणी म्हणत नाही."

"रान कुणाचं आहे?"

"आमचं."

"मग पहिलं कुठलं लिहू?"

"पिंपळाचं." मी जरा थांबले. "पण दुसरं पण लिहा मॅडम. कशावरून ते सगळं लिहा. आजोबांनी काय सोडलं ते कळायला पाहिजे."

मॅडमनी दोन बोटांनी हळूहळू टाइप केलं. इतक्या दिवसांत आम्ही त्या कॉम्प्युटरवर जे काही आणलं होतं, ते सगळं जुन्यातून आलेलं होतं. ही ओळ कुठूनच आलेली नव्हती. त्यांनी ती फ्लॉपीत घेतली, फ्लॉपी बाहेर काढली, परत घातली, आणि खुर्ची बाजूला केली.

"सांगितलं हिनं. लिहिलं मी. वाच संदीप."

संदीप उठला. बाकापासून टेबलापर्यंत यायला त्याला बराच वेळ लागला. तो पडद्यासमोर वाकला. आधी त्याचे नुसते ओठ हलले.

"मोठ्यानं," मॅडम म्हणाल्या.

"पिंपळाचं," त्यानं वाचलं.

आमच्या घराबाहेरच्या माणसाच्या तोंडून ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्याच्या खालची ओळ त्यानं वाचली, आणि तिच्या खालचीही, आजोबांनी काय सोडलं ती. सगळं सावकाश, एकही शब्द न गाळता. मला वाटलं तो आता जाऊन बसेल. तो बसला नाही. यादीतलं पुढचं रान त्याच्याच घरचं होतं, ओढ्याच्या अलीकडं, आमच्याला लागून. त्याचं नाव त्यानं त्याच आवाजात वाचलं.